मागच्या पायाखालची वाटी

मी वाटी. टेबलावर शोधू नका, माझ्यासारखीला तिथं कोणी ठेवत नाही. खाली बघा. अजून खाली. स्वयंपाकघरात जाळीच्या दारांचं उंच लाकडी कपाट आहे ना, त्याचे चार पाय आम्हां चार बहिणींच्या पोटात उभे असायचे. पुढच्या दोघी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायच्या. मी मागची, भिंतीकडची, खिडकीतला उजेड जिथं पोचत नाही त्या कोपऱ्यातली. मला पाहिलेलं माणूस या घरात विरळाच.

दिसायला मी काही देखणी नाही. जाड चिनी मातीची, पांढरी, कडेला निळी रेघ, तीही एका जागी फिसकटलेली. ज्यानं मला घडवलं त्यानं मध्ये एक उंचवटा ठेवला. कपाटाचा पाय त्या उंचवट्यावर, भोवतीनं पाणी आणि पाण्याच्या पलीकडे मुंग्या. किल्ल्याभोवती खंदक असतो, तसलं माझं काम. भट्टीतून निघाले तेव्हा शेजारच्या कपबश्यांनी मला बरंच हिणवलं होतं, ही कसली वाटी, हिच्यात धड चमचासुद्धा बुडत नाही म्हणून. हिणवू देत. त्यांतल्या निम्म्या वर्षाच्या आत फुटल्या असतील. मी अजून आहे.

या घरात मला आजीनं आणलं. तेव्हा ती आजी नव्हती, नवा संसार मांडत होती. आधी कपाट आलं, पाठोपाठ आम्ही चौघी. पाव, साखर, मध, बिस्किटं, जे काही गोड ते सगळं त्या कपाटात, आणि आजीला मुंगीचा असा तिटकारा की साखरेच्या डब्यात एक दिसली तरी अख्खा डबा रिकामा करायची. तिनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. वाट्या कोरड्या पडता कामा नयेत. रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी ती लांब चोचीची झारी घेऊन यायची, पुढच्या दोघींना पाणी द्यायची आणि मग कपाटाच्या कडेनं हात आत घालून अंदाजानंच आम्हां मागच्यांना. मला आजी म्हणजे तो हातच माहीत. झारी धरली की त्याची करंगळी बाहेर राहायची, आणि ती वाकडी होती. तरुणपणी नवऱ्याच्या छापखान्याच्या यंत्रात सापडली, ती पुन्हा सरळ झाली नाही. पाणी पडल्याचा आवाज बदलला की आजीला कळायचं, वाटी भरली. बघायची गरज तिला कधी पडलीच नाही.

आता इथं नीट लक्ष द्या. आजी पाणी घालायची. काढून टाकायची कधीच नाही. काढणार कसं? बरण्यांनी भरलेलं ते धूड उचलायचं म्हणजे काय खायचं काम आहे? घराला रंग काढला तेव्हा एकदा हलवलं होतं, तेव्हा तिचा मुलगा शाळेत जात होता. त्यानंतर नाही. वरचं पाणी रोजचं ताजं आणि तळाचं कधीचं ते मलाही सांगता यायचं नाही.

मुलगा मोठा झाला, बापामागे छापखाना त्यानं चालवायला घेतला. घराचा पुढचा भाग छापखाना, मागचा भाग आमचा. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं की माझ्यातलं पाणी थरथरायचं. सून आली ती चित्रं काढणारी. छापखान्यात तिला जागा होती, पण उजेड चांगला म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसायची, पाय कपाटाच्या बाजूला सोडून. मग तिला मुलगी झाली. ती बालवाडीत जायला लागली आणि आईच्याच टेबलाखाली बसून रंगखडूंनी फरशी रंगवायला लागली. म्हणजे माझ्या नजरेसमोर दिवसभर दोन मोठे पाय, दोन छोटे. करमणूक एवढीच.

त्या वर्षी छापखान्याला एक मोठं काम मिळालं. डासांपासून होणाऱ्या तापाबद्दल जगभरच्या लोकांना सावध करायचं होतं. कुठल्याशा संस्थेचं चित्रफलक छापायचं काम, पंचवीसतीस देशांत जाणारं. अट अशी की त्यावर एक अक्षर नको. कुठल्याही भाषेच्या माणसाला, वाचता न येणाऱ्यालासुद्धा, नुसतं बघून कळलं पाहिजे की डेंग्यूचा डास कुठं वाढतो आणि काय करायचं. सूनबाई हरखून गेली. आपलं चित्र एवढ्या लांब जाणार, या आनंदात तिला खायची शुद्ध राहिली नाही. तिनं उघडं पिंप काढलं, टाकून दिलेला टायर काढला, कुंडीखालची बशी, फुलदाणी, छपरावरची तुंबलेली पन्हळ. डोकं खाली आणि शेपूट वर करून पाण्यात लटकणाऱ्या अळ्या तर अशा हुबेहूब काढल्या की नात म्हणाली, या वळवळतायत. त्या चित्रांचा एक कच्चा कागद कपाटाच्या दारालाच चिकटवून ठेवला होता. आजी येताजाता बघायची आणि नाक मुरडायची, शी, काय घाणेरडं चित्र लावलंय खायच्या कपाटावर.

आणि मी? माझ्या पोटात तेच चित्र जिवंत होतं.

पायांवर पांढरे पट्टे असलेली ती बया पहिल्यांदा आली तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. पाण्याला तिनं स्पर्शही केला नाही. पाण्याच्या जरा वर, माझ्या आतल्या भिंतीला, तिनं काळे बारीक कण चिकटवले आणि निघून गेली. तीळ म्हणावेत तर तिळाहून किती बारीक. दुसऱ्या दिवशी आजीचा हात आला, झारी वाकली, पाणी चढलं आणि ते कण बुडाले. बुडाले, आणि दोनएक दिवसांत फुटले. हे मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिलं. आजी रोज पाणी घालायची ते मुंग्यांना अडवायला, आणि दर वेळी पाणी चढलं की भिंतीवरचं नवं बिऱ्हाड जागं व्हायचं. आठवड्याभरात अळ्यांचे कोष, कोषांचे डास. ते माझ्या काठावर बसून पंख वाळवायचे आणि थेट टेबलाखालच्या पायांकडे जायचे. दिवसाढवळ्या.

सूनबाई एका पायानं दुसरा पाय खाजवायची आणि विचारायची, आई, हे दिवसाचे डास येतात कुठून हो? आजीचं उत्तर ठरलेलं. शेजारच्या गॅरेजातून, दुसरं कुठून. गॅरेजवाल्यानं अंगणात जुन्या टायरांची चळत लावली होती, आणि सूनबाईच्या चित्रात टायर आल्यापासून आजीला जणू पुरावाच सापडला होता. उठता बसता ती त्या बिचाऱ्याला धारेवर धरायची. तो ऐकून घ्यायचा. काकू, मी त्यांवर ताडपत्री घालतो, पाणी साचू देत नाही, असं सांगायचा. पण आजी एकदा बोलायला लागली की समोरच्याचं ऐकतेय कोण.

गल्लीत ताप फिरायला लागला तशी घरोघर तपासणी सुरू झाली. आमच्याकडे एक बाई आली, हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. तिनं मोरीतलं पिंप पाहिलं, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, कुंड्या पाहिल्या. सगळं लख्ख. आजी अभिमानानं मागे मागे फिरत होती. जाता जाता त्या बाईनं सांगितलं, हा डास गटारात नाही, साध्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही, चावणारा बहुतेक घरातला नाहीतर शेजारचाच असतो. शेजारचा म्हणताच आजीनं मान डोलावली. मग त्या बाईची नजर कपाटाच्या पुढच्या पायाकडे गेली. ती वाकली. टॉर्चचा उजेड फरशीवरून सरकत माझ्याकडे यायला लागला. आजी म्हणाली, "तिथं काय बघता? तिथलं पाणी रोज ताजं. मी स्वतः घालते, माझ्या हातानं."

टॉर्च विझला. बाई सरळ झाली, हसली, अशी सगळी घरं असती तर आमचं काम सोपं झालं असतं म्हणाली आणि गेली. मी ओरडायचा प्रयत्न केला म्हटलं तर तुम्हाला हसू येईल. पण मी केला.

पुढच्या आठवड्यात सूनबाईच्या हातातली पेन्सिल गळून पडली. दुपारी चांगली होती, संध्याकाळी तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायची, हाडं कोणी कुटतंय म्हणायची. रक्त तपासलं. डेंग्यू. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण शंभर सूचना देऊन. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पाणी, सरबत, जे पोटात राहील ते पाजत राहा. दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, तिला चावलेला डास उद्या घरातल्या दुसऱ्याला आजारी पाडेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ताप उतरला की सुटलो असं समजू नका. खरी जपायची वेळ तीच. पोटात कळा आल्या, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तसंच उचलून आणा.

मुलानं हे सगळं घरी येऊन आजीला सांगितलं. मी ऐकलं, म्हणजे आजीनंही ऐकलंच असणार. पण माणसाचं कसं असतं, काळजी वाटत असेपर्यंत तो डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि बरं दिसायला लागलं की ऐकलेलं अर्धं विसरतो.

ताप उतरला. सकाळी सूनबाईचं अंग गार लागलं आणि घराच्या जिवात जीव आला. मुलगा यंत्राकडे गेला, कारण काम अडलं होतं. आजीनं मच्छरदाणी काढून घडी करून ठेवली. सूनबाई भिंतीला धरून धरून टेबलाशी येऊन बसली. एवढी पन्हळ रंगवते आणि पडते, म्हणाली. आजीनं तिला पाणी दिलं, नातीला टेबलाखाली खडू दिले आणि बाहेर गेली. बाहेर म्हणजे कुठं, तर कुंपणाशी, गॅरेजवाल्याला ऐकवायला. सून मरता मरता वाचली, आता तरी ते टायर हलव.

आत काय चाललं होतं ते मी बघत होते. सूनबाईचे पाय एकमेकांवर घासत होते, बसू की उठू कळत नसल्यासारखे. ती पोट धरून पुढे वाकली. मग उलटी झाली. तिनं तोंड पुसलं आणि रुमालाकडे बघत राहिली, रुमालावर लाल होतं. तिनं नवऱ्याला हाक मारली, पण भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं. दुसरी हाक निम्म्यातच विरली. खुर्ची सरकली आणि ती फरशीवर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. तिच्या गालावर एक पट्टेवाला डास बसला, तिनं तो उडवलाही नाही.

नात टेबलाखालून बाहेर आली. आईला हलवून बघितलं, हात गार लागला तशी घाबरली आणि अनवाणी पळत कुंपणाकडे गेली. आजी बोलत होती. पोरीचं आधी कोणी ऐकलं असेल तर गॅरेजवाल्यानं. तो हातातला पाना टाकून कुंपण ओलांडून आत आला, एका नजरेत काय ते समजला, भिंतीवर मुठी मारून यंत्र थांबवायला लावलं. दुरुस्तीला आलेली कुणाची तरी गाडी दारात होती. तीतच सूनबाईला घालून तो आणि मुलगा गेले. आजी दारात उभी राहिली. तिच्या पदराला नात धरून होती.

मग ते दिवस आले. घरात यंत्राचा आवाज नाही, पेन्सिलीचा नाही. मुलगा दवाखान्यात. फोन वाजला की आजी दचकायची आणि घ्यायला घाबरायची. प्लेटलेट्स उतरतायत. सलाइन लावलंय. अतिदक्षता विभागात हलवलंय. आज काही सांगता येत नाही म्हणतात. फोन ठेवला की ती कामाला लागायची. फरशी पुसायची, मोरी घासायची, धूर करायची, संध्याकाळ व्हायच्या आधीच खिडक्या लावून घ्यायची. घर नुसतं चकाकत होतं. आणि सकाळी, काय सांगू तुम्हाला, सकाळी ती न चुकता झारी घेऊन यायची. पाणी चढायचं. माझ्या भिंतीवरचे नवे कण बुडायचे.

नात त्याच टेबलाशी बसून वाट बघायची. आई कधी येणार विचारायची. तिचे छोटे पाय खुर्चीवरून लोंबत होते आणि माझ्या काठावर डास पंख वाळवत होते. सूनबाईला तापात चावलेले या घरात होतेच. मला कोणी विचारलं असतं, तुझं सगळ्यांत मोठं दुःख काय, तर मी तेच सांगितलं असतं. कळतं, आणि काही करता येत नाही.

त्या दुपारी नात झोपली आणि आजीचं अवसान गळालं. फोनवर मुलगा रडला होता. इतक्या वर्षांत तिनं त्याला रडताना ऐकलं नव्हतं. ती उभ्याची बसली, बसल्याची आडवी झाली, तिथंच, फरशीवर, जिथं सूनबाई पडली होती. गाल फरशीला टेकलेला. ती कधी एवढी खाली आलीच नव्हती. रडून झालं, डोळे पुसून तिनं चष्मा लावला, आणि समोर मी.

माझ्या काठावरून एक डास उठला. आजी बघत राहिली. थोड्या वेळानं दुसरा उठला.

ती उठून बसली. चष्मा काढून पुसला, परत लावला. टॉर्च आणला, लांब दांड्याची पळी आणली आणि पालथी पडून पळी माझ्यात बुडवली. ते पाणी तिनं पांढऱ्या बशीत ओतलं आणि बशी खिडकीत नेली. खिडकीतून ती कपाटाच्या दाराकडे वळली, सूनबाईच्या चित्राकडे. चित्राकडून बशीकडे. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. हात तेवढा दिसत होता, बशी धरलेला.

घरात जागं कोणी नव्हतं. पाहिलं असेल तर मी, आणि मी कुणाला सांगणार होते? तिनं गुपचूप सगळं पुसून टाकलं असतं, तर आजही गॅरेजचे टायरच दोषी राहिले असते. एवढं मात्र खरं की तिला एकटीला ते जमलं नसतं. तिनं बरण्या काढून टेबलावर ठेवल्या, कपाटाला खांदा लावून पाहिला, कपाट जागचं हललं नाही. ती बराच वेळ त्याला धरून उभी राहिली. मग पदर सारखा केला आणि कुंपणाशी गेली.

गॅरेजवाला गाडीचा जॅक घेऊन आला. त्यानं कपाटाखाली फळी घातली, जॅक लावला आणि पाय हळूहळू माझ्या पोटातून वर उचलला गेला. इतक्या वर्षांनी. त्यानं मला बाहेर ओढलं, आत डोकावला आणि आजीकडे बघितलं. आजी खाली मान घालून उभी होती. आता हा वचपा काढणार, असंच तिला वाटलं असणार. मलाही वाटलं.

तो म्हणाला, "काकू, माझे टायर मी रोज बघायचो. तुम्ही ओरडाल म्हणून. इथं ओरडायला कोण होतं?"

चिडवायला बोलला नव्हता तो. पण आजी तिथंच फरशीवर बसली. तो तिच्या शेजारी बसला, आणि मग दोघांनी मिळून आम्हां चौघींना अंगणात नेलं. पाणी गटारात नाही, तापलेल्या मातीवर ओतलं, अळ्या जागच्या जागी सुकल्या. पण तेवढ्यानं भागत नाही, अंडी भिंतीला चिकटून महिनोन्महिने वाट बघतात. हे तपासणीच्या बाईनंच परवा गॅरेजात येऊन सांगितलं होतं, असं तो म्हणाला. आजीनं ब्रश घेतला आणि मला आतून घासलं. असं घासलं की निळी रेघ पुसते की काय वाटलं. वाकडी करंगळी माझ्या काठावर आपटत होती. घासताना ती काहीतरी पुटपुटत होती. ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून सांगत नाही.

कपाट खाली उतरलं ते कोरड्या फरशीवर. पायांना गॅरेजवाल्यानं गाडीचं घट्ट ग्रीस फासून दिलं. मुंग्या त्याला भितात म्हणे. मला जरा लागलं ते मनाला, पण असो.

दोन दिवसांनी फोन आला. आजीनं तो पहिल्याच घंटीला उचलला. प्लेटलेट्स चढायला लागल्या होत्या.

सूनबाई घरी आली ती निम्मी होऊन. कपडे अंगावर लटकत होते, केस विंचरले की हातात येत होते. पण आली. नात तिला चिकटली ती सुटेना. आजी तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं करत होती आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. गॅरेजवाल्यानं ब्र काढला नव्हता. मुलाला वाटलं, आई थकली असेल. विषय आपोआप मिटत चालला होता.

सूनबाईनं चित्रांचा कागद पुन्हा पुढे ओढला त्या दिवशी आजी अंगणात गेली. कट्ट्यावर उन्हात पालथ्या पडलेल्या चौघींतून तिनं मलाच उचललं. निळी रेघ फिसकटलेली, ओळखायला सोपी. आत येऊन तिनं मला टेबलावर ठेवलं, त्या कागदावरच. जन्मात पहिल्यांदा मी टेबलावर.

"हिचंही चित्र काढ," आजी म्हणाली. "तुला चावला तो हिच्यातला होता. मी रोज पाणी घालत होते. तू दवाखान्यात होतीस तेव्हासुद्धा."

सूनबाईचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला वाटेल तिनं लगेच सासूचा हात हातात घेतला. नाही घेतला. तिनं पेन्सिल खाली ठेवली, उठून आतल्या खोलीत गेली आणि नातीला कुशीत घेऊन पडून राहिली. तिचा राग बरोबरच होता. ती आपल्या पोरीचा विचार करत असणार, पोरीच्या पायांचा. आजी खुर्चीवर बसून राहिली. चहा गार झाला, मुलगा विचारत राहिला काय झालं, तर तिनं त्यालाही सगळं सांगितलं, एकदाच, न चाचरता. तो कपाळाला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आली आणि मला फिरवून फिरवून बघायला लागली. मग फरशीवर बसली, गाल टेकवून कपाटाखाली बघितलं. ती आजीला म्हणाली, मी एवढे दिवस जगाला वाका, बघा, शोधा म्हणून चित्रं काढत बसले होते, आणि पायाशी एकदा वाकले नाही. राग पुरता गेला नव्हता, पण बोलली. बाकीची चित्रं तिनं लहान करून जागा केली. कपाटाचा पाय काढला, पायाखाली मी, माझ्यात डोकं खाली घालून लटकलेल्या अळ्या. वरून झारी. झारी धरलेला हात. शेजारच्या चौकटीत तोच हात, मला ओतून ब्रशनं घासणारा.

आजी तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. चित्रातल्या हाताची करंगळी बाहेर होती, वाकडी.

सूनबाईनं मागे न बघता विचारलं, "आई, हे बोट सरळ करू का? कोणी ओळखेल."

आजीनं हात पुढे केला, चित्राच्या शेजारी ठेवला. "नको," म्हणाली. "माझंच आहे ते. राहू दे."

यंत्र सुरू झालं आणि माझं चित्र हजारांनी छापून निघालं. गठ्ठे बांधले गेले, कुठल्या कुठल्या देशांत गेले, जिथं कोणाला आमची भाषा येत नाही आणि आजीचं नाव माहीत नाही. तिची करंगळी मात्र तिथं भिंतीभिंतीवर आहे.

मी आता खिडकीत असते. कोरडी, पालथी. आजी अजून रोज येते, पण झारी घेऊन नाही. दर रविवारी ती घरभर वाकून बघते, प्रत्येक बशीखाली, प्रत्येक पायाखाली. गुडघे कुरकुरतात, तरी वाकते. कधी गॅरेजवाल्यालाही टायरांवरून टोकते, पण हळू आवाजात, आणि तो हसतो.

तुमच्या घरात माझी कोणी बहीण असेल. कपाटाखाली, फ्रिजमागे, कुंडीच्या बुडाशी, जिथं तुम्ही रोज पाणी घालता आणि बघत नाही तिथं. तिला काही सांगता येत नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगते. एकदा खाली वाका. पाणी ओता, आतून घासा, आणि पालथी घालून उन्हात ठेवा.